एकतीस काड्या

तिचा जन्मच नर्सरीतला. बोलायला लागायच्या आधी ती मातीत हात घालून बसायची, असं तिची आई सांगायची. पुढे लग्न ठरलं तेही नर्सरीवाल्यांच्यात. शहराच्या एका टोकाला माहेर, दुसऱ्या टोकाला सासर, आणि दोन्हीकडे तीच हिरवी जाळी, त्याच काळ्या पिशव्या, तोच शेणखताचा वास. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझं काय बाई, नुसती एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात गेलीस!"

पण सासरी सहा वर्षं झाली तरी तिच्या वाट्याला सिकेटर, ती फांद्या छाटायची कात्री, आलं नव्हतं. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, पाणी घालायचं, गिऱ्हाईक बघायचं. कलमं करायची ती मामंजींनीच. ते कुणाला हात लावू देत नसत. काडी कापायचे तेच, लावायचे तेच. नवरा टेम्पोतून रोपं पोचवायचा. तो हसून म्हणायचा, "मलाच अजून सिकेटर दिलं नाही, तू तर काल आलीस."

मग मामंजींची नजर गेली. एकदम नाही, हळूहळू. आधी किडे दिसेनात, मग पानं, मग माणसं. तरी सकाळी ते स्टुलावर बसून काड्या कापायचेच, नुसत्या बोटांनी चाचपून. लावायला मात्र त्यांना वाकता येईना, पिशवीचं तोंड सापडेना.

त्याच सुमारास मागच्या कुंपणाजवळची जास्वंद आजारी पडली.

ही जास्वंद साधी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी एका लाल झाडाच्या एकाच फांदीवर पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, भरगच्च पाकळ्यांचं फूल आलं होतं. मामंजींनी ती फांदी कापून लावली आणि वाढवली. तो रंग दुसरीकडे कुठं नव्हता. बी धरत नव्हतं, धरलं असतं तरी त्यातून काय उगवेल याचा भरवसा नव्हता. विकायचं म्हणून त्यांनी तिची रोपं कधी केली नाहीत. करू, करू म्हणत राहिले. आणि आता खोड बुडाशी कुजून मऊ झालेलं. पानं सगळी गळालेली. वरच्या दोनच फांद्या तेवढ्या सालीखाली हिरव्या होत्या.

"आजच कापायला हवं," मामंजी म्हणाले. "पुन्हा मिळायचं नाही." मग जरा थांबून, "तू लाव."

तिनं मान हलवली. त्यांना दिसत नाही हे आठवून मग "हो" म्हणाली.

वीतभर लांबीच्या एकतीस काड्या निघाल्या. ते कापून बादलीत टाकत गेले, ती उचलून वाळूच्या पिशव्यांत खोचत गेली. आईच्या हाताखाली हजारदा केलेलं काम. काडीचं एक टोक सरळ कापलेलं, एक तिरपं. तिरपं टोक खाली. बघायचंसुद्धा कारण नाही, हातच ओळखतो. सगळ्यांवर प्लॅस्टिक घातलं आणि त्या दिवशी ती जेवताना दोन घास जास्तच जेवली.

बाराव्या दिवशी फवारा मारायला तिनं प्लॅस्टिक उचललं. एका काडीचा डोळा, कोंब फुटतो ती जागा, फुगला होता. तिला आनंद झाला. मग ती खाली वाकली. डोळ्याचं हिरवं टोक जमिनीकडे होतं. पान गळाल्याची खूण डोळ्याच्या खाली असते. इथं ती वर होती.

तिनं दुसरी काडी बघितली. तिसरी बघितली. एकतीसच्या एकतीस डोक्यावर उभ्या होत्या.

नवरा टेम्पो धूत होता. त्याला जाऊन सांगितलं तेव्हा त्यानं नळ बंद केला.

"गुपचूप फिरवून टाक," तो म्हणाला. "बाबांना दिसतंय थोडंच?"

"आणि नाही जगल्या तर?"

"तर नाही जगल्या. झाड आजारी होतंच की."

हे खरं होतं. कुणाला कळलं नसतं. पण मग मामंजी मरेपर्यंत म्हणत राहिले असते की माझ्याच हाताचा गुण गेला. ती तशीच वळली आणि एक काडी उपटून स्टुलापाशी गेली.

"मामंजी, मी सगळ्या काड्या उलट्या लावल्या."

त्यांनी हात पुढे केला. तिनं काडी दिली. त्यांचा अंगठा एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे सावकाश गेला.

"तिरपं खाली घातलंस?"

"तिरपं खालीच असतं ना?"

"कुणाच्या घरी?"

"आमच्या."

"आमच्या घरी वर असतं. वरच्या टोकावर पाणी साचू नये म्हणून."

"आई म्हणायची, खाली तिरपं असलं की मुळं फुटायला जागा जास्त मिळते."

मामंजींनी यावर विचार केला. "बरोबरच आहे तिचं," ते म्हणाले. मग म्हणाले, "सहा वर्षं एका चुलीवरचं जेवतोय आपण. हे कसं कळलं नाही?"

"तुम्ही मला कधी काडी दिलीच नाही, मामंजी."

तिच्या तोंडून निघून गेलं. नवरा लांबून बघत होता, त्यानं पुन्हा नळ सोडला.

मामंजींनी काडी मांडीवर ठेवली. मग खिशातलं सिकेटर काढून तिच्यापुढे धरलं. "खालचं टोक ताजं कापून घे. तुझ्या आईसारखं तिरपं काप. आण सगळ्या, मी डोळे चाचपून वरची बाजू सांगतो."

दुपारपर्यंत एकतीस काड्या सुलट झाल्या.

मग वाट बघणं आलं, आणि तिथं मामंजी लहान पोरासारखे झाले. रोज सकाळी काठी टेकत यायचे. "जरा ओढून बघ की. मूळ धरलं असेल तर घट्ट लागेल."

"ओढलं की कोवळं मूळ तुटतं. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"एकच."

"हात मागे, मामंजी."

ते हात मागे बांधून परत जायचे. काड्या एकेक करून काळ्या पडत गेल्या. ती मेलेली काडी काढायची आणि किती उरल्या ते त्यांना सांगायची. वीस. तेरा. नऊ. लपवायचं नाही हे आता ठरल्यासारखंच होतं. दरम्यान कुंपणाजवळचं झाड एका वाऱ्यात आडवं झालं. नवऱ्यानं ते ओढून नेलं. मामंजींनी तिकडे तोंडही वळवलं नाही.

शेवटी चार काड्यांना पानं आली, आणि पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली. कुंडीत हलवताना एक गेली. तीन राहिल्या.

तिनं तिन्ही कुंड्या जाळीखाली, स्वतःच्या नजरेसमोर ठेवल्या. मामंजींनी एकेका रोपाची पानं बोटांनी मोजली.

"यातलं एक तुझ्या माहेरी पाठव," ते म्हणाले.

"तीनच आहेत, मामंजी!"

"म्हणूनच. बावीस वर्षं एकाच जागी ठेवलं, त्याचं काय झालं बघितलंस. इथं काही झालं तर तिथं असेल."

तिला पटलं, पण हात जड झाला. तिनं त्यातल्या त्यात बारीक रोपाची कुंडी उचलली. मामंजींनी हात पुढे करून पानं चाचपली.

"हे नको. हे वाटेतच मान टाकेल. चांगलं दे."

"आणि आपल्याला हे मरतुकडं?"

"त्याला बघायला तू आहेस ना."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत नवऱ्याशेजारी बसली. सगळ्यांत भरलेलं रोप मांडीवर घेतलं. नवरा म्हणाला, "मागे ठेव की, तिथं जागा आहे." तिनं ऐकलं नाही. चौकात टेम्पोनं गचका खाल्ला तेव्हा तिनं एका हातानं कुंडी धरली आणि दुसऱ्यानं शेंडा.