थंडीत जाड होणारे धागे

अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शेषराव वानखडे अटेंडंट होते. गाव हिवरखेड, शिक्षण मराठी सातवी. कागदावर काम बाटल्या धुण्याचं. पण मज्जापेशींच्या स्लाइडी कराव्यात तर त्यांनीच. मेंदूचा तुकडा चांदीच्या क्षारात मुरवायचा, त्याचे पापुद्र्यासारखे काप काढायचे, की पेशीच्या पोटातले बारीक धागे काळेशार होऊन दिसत. त्या क्षारानं शेषरावांची बोटंही कायमची काळी झाली होती.

विभागप्रमुख कमलाकांत सर सरड्यांच्या मेंदूवर काम करत. हे धागे कधी बदलत नाहीत, असं त्यांनी नागपूरच्या एका सभेत ठासून सांगितलं होतं. त्यांच्या स्लाइडी साऱ्या उन्हाळ्यातल्या होत्या. मग बासष्टच्या पौषात कडाका पडला. पिंजऱ्यातले सरडे दगडासारखे निपचित झाले, आणि त्यांच्या पेशीतले धागे शेषरावांना दोरखंडासारखे जाड दिसले.

"सर, थंडीनं धागे एकमेकाले बिलगून राह्यले."

"चांदी जास्त झाली तुझी. फेकून दे."

शेषरावांनी फेकलं नाही. एकाच दिवशी धरलेले सहा सरडे घेतले. तीन बर्फाच्या पेटीशेजारी ठेवले, तीन दिव्याच्या उबेत. मग थंडीतल्यांच्या तुकड्यांना खुणेची खाच पाडून सगळ्यांचे तुकडे एकाच बाटलीत, एकाच चांदीत मुरवले. थंडीतल्यांचे धागे जाड, उबेतल्यांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे. पुढच्या खेपेला गारठलेला एक सरडा दिवसभर उबेत ठेवून पाहिला, तर त्याचे धागे पुन्हा बारीक! म्हणजे चांदीचा दोष नव्हता. धागे जुळत होते आणि सुटतही होते.

सर अर्धा तास मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. उठले तेव्हा, पंधरा वर्षांत पहिल्यांदा, "शेषराव, तुम्ही बसा" म्हणाले. "हे तुमचं आहे. शोधनिबंधात तुमचं नाव घालतो."

शेषरावांनी घरी बायकोला, पंचफुलाला सांगितलं, तिनं अख्ख्या वस्तीला.

वर्षानं निबंध छापून आला. तो इंग्रजीत होता. शेषराव तो घेऊन सिंधूबाईंकडे गेले. त्या विभागात नव्यानंच शिकवायला लागल्या होत्या.

"बाई, माहं नाव कुठी हाये, तेवढं दाखवा."

सिंधूबाईंनी वाचलं आणि निबंध मिटून ठेवला. शेषराव हटले नाहीत, तेव्हा खालच्या आवाजात त्यांनी अर्थ सांगितला: आधीचे निष्कर्ष चुकले ते अटेंडंटच्या निष्काळजीपणानं स्लाइडी बिघडल्यामुळे, पुढं लेखकानं स्वतः लक्ष घातलं तेव्हा खरं काय ते दिसलं.

शेषराव तसेच सरांच्या खोलीत गेले.

"नाव नसतं घातलं तरी मी काही म्हनलो नसतो सर. पन हे काहून लिवलं?"

"अरे, आधी उलटं का सांगितलं, हे लोक विचारणारच. काहीतरी कारण द्यावं लागतं. आणि तुझं नाव कुठं लिहिलंय?"

"या खोलीत अटेंडंट एकच हाये सर."

सरांनी समोरची फाईल ओढली.

शेषरावांनी महिनाभरात नोकरी सोडली. अकोल्याला एका दवाखान्यात रक्त-थुंकी तपासायचं काम मिळालं. इकडे कॉलेजात नव्या माणसाच्या स्लाइडी डांबरासारख्या काळ्या निघू लागल्या. सरांची दोन पत्रं आली. शेषरावांनी ती वाचली, घडी घालून ठेवली, उत्तर दिलं नाही. पंचफुला म्हणायची, "इसरा आता." ते विसरत नव्हते. सुटलेले धागे उबेत जातात कुठं, हा प्रश्नही त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. पण विचारायचं कुणाला?

सदुसष्टमध्ये सिंधूबाई अकोल्याला आल्या. त्यांना त्याच धाग्यांवर काम करायचं होतं. दोन दिवस शेषरावांनी त्यांना समोर बसवून सगळं शिकवलं: चांदी किती, पाणी किती, तुकडा बाहेर कधी काढायचा. हातचं काही राखलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "शेषराव, मी तुमचं नाव नक्की घालीन."

शेषराव चटकन म्हणाले, "तसं म्हनू नका बाई. काम करा."

बाईंनी पुढं नाव घातलं की नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही.