घेण्याचा भाव, सोडण्याचा भाव
मिलचा हिशेब ठेवायला डेटाबेसचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं. खरेदीचा भाव मी भांडून निम्म्यावर आणला, तेव्हा नांदेडहून आलेला त्यांचा माणूस नुसता चष्मा पुसत बसला होता. पुढे दुष्काळ पडला, तूर आली नाही, लातुरातली माझी डाळमिल बंद झाली. तरी वार्षिक फी वाढूनच आली. तोच माणूस बिल घेऊन आला, तेव्हा मी भडकलो. पेल्यात उरलेलं पाणी आपल्या बाटलीत ओतत तो म्हणाला, “शेठ, तुमी घ्यायचा भाव केलात. दरसालचा इचारलाच न्हाई.”

“मग सोडून देतो!”

“सोडा की. पण सगळा हिशेब आमच्या कुलपात हाय. काढायचे पैसे निराळे.”

हे सांगताना त्याने मान वर केली नाही. त्याच्यावर काय चिडायचं? पण हिशेब माझा, मग कुलूप त्यांचं कसं? कंपनीच्या मालकाने माझ्या बंद मिलच्या दारात उभं राहून उत्तर द्यावं.