न पाहिलेल्या मेक्सिकोविषयी चार शब्द

मेक्सिकोहून परतल्यापासून शैलजाबाई थकलेल्या होत्या. थकलेल्या त्या जाण्याआधीही होत्या, पण तेव्हा त्या थकव्याला नाव नव्हतं. आता इंदूरच्या राजेंद्र नगरात जो भेटेल तो 'जेटलॅग हो, जेटलॅग' म्हणून मान हलवायचा, आणि इतक्या वर्षांच्या दुखण्याला एकदाचं इंग्रजी नाव मिळालं म्हणून शैलजाबाईही मान हलवायच्या.

पलासियातल्या एका दवाखान्याच्या काउंटरमागे त्यांनी उभी नोकरी काढली होती. 'डॉक्टर येतीलच इतक्यात' हे वाक्य त्यांनी मराठीत, हिंदीत आणि हातोदकडच्या खेड्यांतून आलेल्या माणसांसाठी माळवीत इतक्या वेळा म्हटलं होतं, की निवृत्तीनंतर घरी कुणी कुकरच्या शिट्टीची वाट पाहत असलं तरी तेच तोंडून निघे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा अशोकराव वीज मंडळात, मुलगा अभ्यासात. म्हणजे उठून काही करू शकणारं माणूस एकच. पुढे सासूबाई गेल्या, मुलगा अमेरिकेला गेला आणि नवरा निवृत्त होऊन घरी आला. माणसं बदलली, उठणारं माणूस तेच राहिलं. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन फाटकाशी उभं राहायचं. इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्यात अशोकरावांचा अभिमान होता आणि शैलजाबाईंचे पाय होते.

सुशांतने आईवडिलांना कॅलिफोर्नियात बोलावलं आणि तिथून तीन रात्रींच्या क्रूझवर नेलं. लॉस एंजेलिसच्या बाजूला जहाजात बसायचं, मेक्सिकोच्या एन्सेनाडा बंदरावर एक दिवस उतरायचं, फिरायचं आणि परत यायचं. सोबत सून शिवांगी, चार वर्षांचा नातू सार्थक आणि सुशांतचा जुना मित्र धनेश. शिवांगी आणि धनेश दोघंही इंदूरचे, त्यामुळे अशोकरावांना परदेशात गेल्यासारखं विशेष वाटलंच नाही. ते जहाजावरही इंदूरच्या छप्पन दुकानच्या खाण्याच्या गोष्टी करत होते.

परत आल्यावर मात्र ते मेक्सिकोच्या गोष्टी करू लागले. सकाळी फिरायला जाताना, दूध आणताना, बँकेच्या रांगेत. खडकाच्या फटीतून समुद्राचं पाणी केवढं वर उसळतं, बाजारात टोप्या कशा डोंगरासारख्या रचून ठेवतात, मक्याच्या पोळीत राजमा गुंडाळून देतात त्याला ते लोक काय म्हणतात. मोबाईलवरचे फोटो ते बोटाने सरकवत दाखवत. फोटोंत अशोकराव होते, सुशांत होता, शिवांगी होती, धनेश तर प्रत्येकात होता.

"वहिनी कुठे दिसत नाहीत?" कुणी विचारलंच तर अशोकराव क्षणभरही न थांबता सांगत, "अहो, फोटो तिनेच काढलेत ना."

खरी गोष्ट अशी, की शैलजाबाई मेक्सिकोत उतरल्याच नव्हत्या. पण 'आम्ही मेक्सिको पाहिलं' या वाक्यात अशोकरावांनी त्यांना इतक्या सहजपणे बसवलं होतं, की आता त्यातून उठायचं कसं ते शैलजाबाईंना कळेना. शिवाय फोटो चांगले आले होते. लोक त्यांची तारीफ करू लागले होते.

हे इथवर निभलं असतं. पण राजेंद्र नगरच्या महिला मंडळात परदेशातून आलेल्या माणसाला चार शब्द बोलायला लावायची पद्धत होती. दुबईहून आलेले बोलत, सिंगापूरहून आलेले बोलत, नेपाळहून आलेल्या एक बाई दोन शनिवार बोलल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्ष सुनंदाताई निमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा शैलजाबाई कणीक मळत होत्या. हात धुऊन बाहेर येईपर्यंत अशोकरावांनी होकार दिलेला होता, विषयही ठरला होता, आणि या कार्यक्रमाला मिस्टर लोकांनाही बोलवावं अशी सूचना देऊन झाली होती.

"मला नाही जमायचं हो," शैलजाबाई त्या गेल्यावर म्हणाल्या. "काय सांगू मी?"

"मी सांगतो ना तुला. तू फक्त तिथे बोल."

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात मेक्सिकोचं पाठांतर सुरू झालं. शैलजाबाई पोळ्या लाटत आणि अशोकराव दाराच्या चौकटीला टेकून खडकातला फवारा सांगत. पाणी वर येण्याआधी आतून कसा हुंकार येतो, हे ते तोंडाने काढून दाखवत. मग टोप्या. मग राजमा. पोळी तव्यावर फुगायची आणि मेक्सिको पुढे सरकायचा. शैलजाबाईंना सगळं पाठ झालं. दवाखान्यात सगळ्या डॉक्टरांच्या वेळा पाठ होत्या तसंच.

खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण खरं सांगितलं तर मुलाला आणि सुनेला लोक काय म्हणतील? आईला जहाजावर ठेवून फिरायला गेले. नवऱ्याला काय म्हणतील ते तर त्यांना विचारातही आणवेना. आणि याहून एक अवघड गोष्ट होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. जहाजावर राहिलेला तो दिवस त्यांच्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांपैकी होता. पाठ केलेल्या मेक्सिकोत त्या दिवसाला जागाच नव्हती.

झालं होतं ते असं. जहाजावर आइस्क्रीमचं एक यंत्र होतं. दांडी ओढा आणि घ्या, कितीही, केव्हाही. सार्थक पहिला अख्खा दिवस त्या यंत्रापासून हलला नाही. अशोकराव इंदूरहून लौंग सेव, म्हणजे लवंगेची तिखट शेव, घेऊन गेले होते, कारण ते सेवेशिवाय भोपाळलाही जात नसत. जहाजावरच्या पास्त्यावर त्यांनी सेव घातली, सूपमध्ये घातली, आणि इंदूरचं रक्त आहे, पाहू या, म्हणून नातवाच्या आइस्क्रीमवरही घातली. इंदूरच्या रक्ताने टाळ्या पिटल्या आणि आणखी मागितली. पहाटे सगळं बाहेर आलं. सकाळी जहाज बंदराला लागलं तेव्हा पोर मलूल होऊन पडलं होतं, आणि कुणीतरी त्याच्याजवळ थांबायला हवं होतं.

शैलजाबाईंना त्यांच्या घरात कुणी कधी काम सांगितलं नाही. अशोकराव हे चारचौघांत अभिमानाने सांगत आणि ते खरंही होतं. पद्धत निराळी होती. काम निघालं की प्रत्येकाने 'मी करतो' म्हणायचं. सूर असा, की ऐकणाऱ्याने 'राहू दे' म्हणावं. राहू दे म्हणण्याचा मान शैलजाबाईंचा. ही रीत सुशांतने कॅलिफोर्नियात नेली होती, शिवांगीने लग्नानंतर लगेच उचलली होती, आणि धनेश लहानपणापासून त्यांच्याकडेच पडीक असल्याने त्यालाही ती येत होती.

"मम्मीजी, तुम्ही जा, मी थांबते ना सार्थकजवळ," शिवांगी नाकाला सनस्क्रीन चोळत म्हणाली.

सुशांतने पासपोर्टची पिशवी गळ्यात अडकवता अडकवता आपण थांबतो असं सांगितलं. त्याचं काय, तो पुन्हा कधीही येऊ शकत होता. धनेश म्हणाला, "काकू, अपन सगळेच थांबू, क्या फर्क पड़ता है," आणि घड्याळाकडे पाहिलं, कारण खाली बस उभी होती. शेवटी अशोकराव. ते पलंगाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत होते.

"तुम्ही सगळे जा रे. मी थांबतो. आजोबा कशासाठी असतो?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या बुटाची गाठ ओढली.

मग सगळे थांबले. त्या इवल्याशा खोलीत पाच मोठी माणसं उभी होती आणि त्यातली चार शैलजाबाईंकडे पाहत होती.

"राहू दे. मी थांबते," शैलजाबाई म्हणाल्या.

नक्की ना, नक्की ना, असं चौघांनी एकदमच विचारलं. त्यातल्या दोघांचं विचारणं दाराबाहेरून ऐकू आलं.

शनिवारी मंडळाचा हॉल भरला. मिस्टर लोक मागच्या खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांच्या मधोमध अशोकराव, मेक्सिकोहून आणलेली मोठी टोपी मांडीवर घेऊन. सुनंदाताईंनी ओळख करून दिली. शैलजाताई एरवी किती शांत, पण सातासमुद्रापार जाऊन आल्या, आणि फोटो तर असे काढलेत की बस. टाळ्या झाल्या. शैलजाबाई उठल्या आणि काउंटरवर बोलत तशा एकसुरात बोलू लागल्या. जहाज, बंदर, बस. खडकाची फट. पाणी वर येण्याआधी आतून हुंकार येतो. मागच्या रांगेत अशोकरावांचे ओठ सोबतीने हलत होते.

"पाणी अंगावर उडालं असेल ना?" पुढच्या रांगेतल्या इंदुमतीबाईंनी मध्येच विचारलं. त्या वयाने सगळ्यांत मोठ्या आणि त्यांना ऐकताना शंका आली की त्या थांबत नसत. "गार होतं का हो? की कोमट?"

हे पाठात नव्हतं. शैलजाबाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. अशोकरावांनी टोपी वर करून काहीतरी खूण केली, ती गारही असू शकत होती आणि कोमटही. गार म्हणून टाकलं असतं तरी कुणी मेक्सिकोला जाऊन बोट बुडवून पाहणार नव्हतं. पण त्या एवढ्याशा खोट्यासाठीही लागते तेवढी ताकद शैलजाबाईंना अंगात सापडेना.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "मी उतरलेच नाही."

सुनंदाताई घाईने उभ्या राहिल्या आणि तब्येत वगैरे असं काहीतरी बोलल्या.

"तब्येत ठीक होती. नातवाचं पोट बिघडलं होतं, मी थांबले. फोटो माझे नाहीत." मग त्यांना वाटलं, लोकांना बोलावून बसवलंय तर काहीतरी सांगायला हवं. "मी झोपले."

"म्हणजे?" इंदुमतीबाई.

म्हणजे काय ते शैलजाबाई सांगू लागल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर काउंटरवरचा राहिला नाही. खोलीला खिडकी नव्हती. दिवा घालवला की दिवस आहे की रात्र ते कळत नव्हतं. पोराला औषध दिलं, ते झोपलं, त्याच्या शेजारी त्या आडव्या झाल्या, जरा पाठ टेकावी म्हणून. गॅसवर काही नव्हतं. दुधवाला नव्हता. बेल नव्हती, कचरागाडी नव्हती. कुणी हाक मारेल म्हणून एक कान जागा ठेवायची सवय होती, तो कान बराच वेळ वाट पाहत राहिला आणि मग तोही झोपला. जाग आली तेव्हा दुपार उलटली होती. पोरगं आपलं आपण बसून टॉवेल दुमडून केलेल्या हत्तीशी खेळत होतं. खोली आवरायला येणाऱ्या मुलाने दार वाजवलं आणि काही हवं का विचारलं. त्यांच्या तोंडून चहा एवढंच निघालं. तो घेऊन आला.

"घेऊन आला?" कुणीतरी विचारलं.

"हो. पलंगावर बसून घेतला."

"आणि कपबशी?"

"दाराबाहेर ठेवायची. ते नेतात."

बायका पुढे सरकून बसल्या. खिडकी नाही तर गुदमरत नाही का, दार आतून लागतं का, चहात दूध वेगळं देतात का, मधे एकदाही जाग आली नाही का, असे प्रश्न येत राहिले. मेक्सिकोविषयी कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी नातवाला घेऊन डेकवर गेल्या तेव्हा बंदरावर एक प्रचंड मोठा झेंडा आणि मागे उन्हाळ्यात महूकडचे असतात तसे तपकिरी डोंगर दिसले, तेवढाच आपला मेक्सिको, असं शैलजाबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण ते कुणाच्या फारसं लक्षात राहिलं नसावं. मग इंदुमतीबाईंनी विचारलं, "तीनच रात्रींची असते का ती? जास्तीची नसते?"

घरी येताना अशोकराव टोपी काखेत धरून दोन पावलं पुढे चालत होते. कोपऱ्यावर शेजारचे अप्पासाहेब भेटले, त्यांनी "क्या भिया, मेक्सिको कसा झाला?" म्हणून विचारलं, तर अशोकरावांनी चांगला झाला म्हटलं आणि थांबले नाहीत. हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं.

घरात शिरून त्यांनी टोपी इन्व्हर्टरवर ठेवली. शैलजाबाई खुर्चीत बसल्या.

"असं सांगितलंस, जसं काही आम्ही तुला टाकून गेलो," ते म्हणाले.

"मी तसं नाही म्हटलं."

"मी थांबतो म्हणालो होतो. आठवतं ना तुला? सगळ्यांसमोर म्हणालो होतो."

"म्हणाला होतात," शैलजाबाई म्हणाल्या. "बूट घालून."

अशोकरावांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चपला काढून त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. खोलीत एक चक्कर मारली. बाहेर दिवेलागण होत होती आणि ही चहाची वेळ होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"बस तू," ते म्हणाले. "चहा मी टाकतो."

सूर तोच होता. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथे थांबले, जरा वळून, एक हात चौकटीवर ठेवून. थांबायला जितका वेळ लागतो त्याहून थोडं जास्तच थांबले. शैलजाबाईंनी डोकं खुर्चीला टेकवलं होतं.

मग आतून भांड्यांचा आवाज आला. एक झाकण खाली पडलं. डबे उघडले, बंद झाले, पुन्हा उघडले.

"अगं, साखर कुठे असते?"

ती समोरच्याच फळीवर होती. शैलजाबाईंनी डोळे मिटून घेतले.