आवाजावर टाकलेलं गाणं

माझं काम दालमिलच्या वजनकाट्यावर. भरलेली गाडी आत येते, तिचं वजन घ्यायचं. रिकामी होऊन बाहेर जाते, तिचं वजन घ्यायचं. वजाबाकी करायची. ती जुळली नाही तर गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही. घरातल्या संगणकातला सगळा साठा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवायचा ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात तीच पद्धत होती. निघाला किती, पोचला किती, एवढं पाहायचं आणि मगच मूळ माल पुसायचा.

ते काम माझ्या हातून झालं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

साठा मोठा होता. गाणी, भजनं, मुलांच्या शाळेतले कार्यक्रम, आणि माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग. लग्नाच्या शूटिंगचे दोन भाग होते. एक म्हणजे शूटिंगवाल्याने कापून, जोडून, वरून सिनेमातली गाणी टाकून दिलेली तीन तासांची फिल्म. दुसरा म्हणजे कॅमेऱ्यातून जसं निघालं तसं कच्चं शूटिंग. ते तो द्यायला तयार नव्हता. "काका, ते कोणी पाहात नाही," म्हणाला. मी म्हणालो, पैसे पूर्ण दिले, माल पूर्ण पाहिजे. अडून बसलो आणि घेतलं.

त्या कच्च्या शूटिंगमध्ये माझ्या मोठ्या भावाचा आवाज होता.

दादाचं वाशिमकडच्या आमच्या मालेगावात लाऊडस्पीकरचं काम होतं. भोंगे, माइक, जनरेटर भाड्याने द्यायचा. पण लोक त्याला बोलवायचे ते त्याच्या बोलण्यासाठी. पंगत बसली की माइक त्याच्या हातात. पाचशे माणसं जेवत असली तरी कोणत्या रांगेत वरण पोचलं नाही हे त्याला उभ्या जागेवरून दिसायचं. "ओ वरणवाले, डावीकडची लाइन कोरडी जेवून राह्यली! तिकडं पाहा! जावईबापू, उठू नका, बुंदी येऊन राह्यली, तुमच्या आईची आन हाये!" रिठदपर्यंतच्या लग्नांत हा आवाज जायचा. मग तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने घसा खाल्ला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज कायमचा गेला. आता गळ्याशी रुमाल असतो आणि खिशात मोबाइल. काही सांगायचं तर त्यावर लिहून समोर धरतो. आम्ही एकाच घरात राहतो, तो खाली, मी वर.

त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्याची मुलगी, म्हणजे दादाची नात, ऑपरेशननंतर जन्मलेली. मागच्या दिवाळीत तिने मला विचारलं, "छोटे आजोबा, मोठ्या आजोबांना पहिल्यापासूनच बोलता येत नाही का?" मी तिला म्हणालो, थांब, तुला ऐकवतो. तेव्हा संगणक उघडायलाच अर्धा तास लागत होता, मधेच बंद पडत होता. ती ऐकल्याशिवाय पुण्याला गेली. त्या आवाजाची तेवढी एकच प्रत होती, म्हणून तर मी डिस्क आणली.

उन्हाळ्यात पुतण्या एकटाच आला. डिस्क टेबलावर पाहून म्हणाला, "काका, तुम्ही राहू द्या, मी करतो." मी काट्यावर गेलो. सीझन होता, तुरीच्या गाड्या रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. संध्याकाळी परत आलो तर काम झालेलं. संगणकही साफ करून सगळं नव्याने टाकून दिलेलं. "आता कसा पळतो बघा," म्हणाला आणि रात्रीच्या गाडीने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी डिस्क लावली. माझ्याकडचा आकडा तीनशे शहाऐंशी जीबीचा. डिस्कवर भरले होते दोनशे एक्क्याण्णव. पंच्याण्णव जीबी कुठे गेले?

कच्चं शूटिंग नव्हतं. फिल्म होती. मी फिल्म लावली, पंगत काढली. दादा मांडवाच्या खांबाशी उभा, एका हातात माइक, दुसरा हात वर. तोंड उघडतो आणि त्यातून कुठल्याशा सिनेमातली बाई गाते. वाढपी पळतायत, लोक हसतायत, म्हणजे तो नक्की काहीतरी चांगलं बोलला होता. आणि वरून बासरी.

मी पुतण्याला फोन लावला.

"काका, ते डुप्लिकेट होतं. तेच लग्न, तेच लोक. फायनल ठेवलंय ना मी."

"फायनलमधी तुह्या बापाचा आवाज कुठी हाये?"

"त्यात नुसता गोंगाट होता काका. भांडी, पोरं, जनरेटर."

"त्या गोंगाटातच तुहा बाप बोलून राह्यला होता! तुले ऐकू नाई आला? ज्याच्या आवाजाच्या कमाईवर तू शिकला, तो तुले जनरेटर वाटला?"

"काका, ओरडू नका. मी बाबांना विचारलं होतं. ते बाजूलाच बसले होते. हे ठेवू का काढू, विचारलं. त्यांनी हात हलवला. काढ म्हणून."

मी फोन ठेवला आणि खाली गेलो. दादा खाटेवर बसून लसूण सोलत होता.

"तू काढाले सांगतलं?"

त्याने मान हलवली. हो.

"कायले?"

हात पुसले, मोबाइल काढला. एकेक अक्षर शोधत लिहिलं आणि समोर धरलं. 'तो आवाजवाला मेला. मी आहो न अजून.'

एखाद्याने हे वाचून मवाळ व्हायला हवं होतं. मी झालो नाही. मी म्हणालो, "तुह्या आवाजावर तुह्या एकट्याचा हक्क हाये काय? लग्न माह्या पोरीचं. शूटिंगचे पैसे माहे. नातीले शब्द मी देल्ला. मले विचाराले तोंड नव्हतं, त हातात मोबाइल त होता!"

तोंड नव्हतं, हे मी बोलून गेलो. तो परत लसूण सोलायला लागला. एवढं सावकाश कोणी लसूण सोलत नाही.

वाशिमला एका दुकानात संगणक नेला. पुसलेलं परत काढून देतो अशी त्याची पाटी होती. दोन दिवस ठेवून घेतला. म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर निघालं असतं, त्यावर नवीन टाकलं म्हणून गेलं. निघाली ती नळाच्या पावतीची दोन चित्रं. शूटिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, काका, महिन्याभरात आम्ही कार्ड पुसतो.

मग मी ज्यांच्या ज्यांच्या लग्नात दादा होता त्यांची घरं धरली. रविवार आला की मोटरसायकल काढायची. लोक चांगले, चहा ठेवायचे, टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून द्यायचे. प्रत्येक घरी दादा होता. खांबाशी, माइक हातात, तोंड उघडं. आणि प्रत्येक घरी त्याच्या तोंडावर गाणं. रिठदला एका घरी तर तेच गाणं निघालं जे आमच्या फिल्मवर होतं. मी त्यांच्या बैठकीत बसून दातओठ खात होतो. या माणसाने पूर्ण तालुका जेवू घातला आणि पूर्ण तालुक्यात त्याचं एक वाक्य शिल्लक नाही? मुलीचा बाप विहिणीला हात जोडून काय म्हणाला, त्यावर गाणं. आजी नवरीच्या कानात काय बोलली, त्यावर गाणं. लोक पैसे मोजून आपल्याच माणसांची तोंडं बंद करून घेतात आणि त्याला आठवण म्हणतात.

शेवटी आवाज मिळाला तो बाजारातल्या कापडवाल्याकडे. त्याचं दुकान मिलच्या रस्त्यावर, दादाचा जुना दोस्त. मी धाकट्या मुलाच्या शाळेच्या गणवेशाचं कापड घ्यायला गेलो होतो. गोष्ट निघाली तसा तो कापड मोजायच्या गजावर हात ठेवून थांबला.

"भाऊ, माह्या पोरीच्या शादीत तोच होता नं माइकवर. अन् आमच्या शूटिंगमधी गाणं नाई एक बी."

"काहून?"

"माह्या आब्बाइमुळं! ते शूटिंगवाल्याले म्हणे, फिल्मी गाणं टाकलं त पैसा नाई देणार अन् कॅमेरा बी वापस नाई देणार. लय झगडा केला त्याइनं. आमी सारे नाराज होतो तवा." मग हसला. "वा भाऊ! शादी आमच्या पोरीची, अन् पाहाले आले तुमी आपल्याच भावाले!"

डिस्क घेऊन या म्हणाला, पण एक अट घातली. मर्दांकडच्या मंडपातलं तेवढंच घ्यायचं, बायकांकडचं नाही. मी म्हणालो, बरोबर आहे. त्याच्यासमोर बसून तेवढाच फोल्डर कॉपी केला. दोन्हीकडचा आकडा त्याला दाखवला, मीही पाहिला. शेवटच्या अंकापर्यंत जुळला.

घरी येऊन लावलं. भांड्यांचा आवाज, पोरांचा आवाज, जनरेटर. आणि त्या सगळ्याच्या वर दादा. "मेहमानाइले इनंती हाये, खाना सुरू झाला! बाराती पयले! घरचे लोक कोण बसले तिथं? उठा, उठा, मी पाह्यलं तुमाले! ओ चाचा, तुमी बसा, तुमाले नाई म्हटलं!"

जिना वाजला. दादा दारात येऊन उभा राहिला. वाकून पडदा पाहिला, पूर्ण ऐकलं. मोबाइल काढला. 'माइक खराब होता त्या दिवशी. फाटून राह्यला आवाज.'

मी इतके रविवार जाळले आणि याला माइकची पडली! पण तेवढ्यात त्याने हात पुढे करून माउस घेतला होता आणि पुन्हा सुरुवातीला नेलं होतं. चाचांच्या वाक्याला त्याचे खांदे हलले. तो हसतो तेव्हा आता एवढंच होतं.

मग लिहिलं. 'पोरीले ऐकव. मी घरी नसताना.'

"नाई," मी म्हणालो. "तू समोर बसशील. तिले दिसलं पाह्यजे, हा आवाज कोणाचा."

त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं, माउस आपटला आणि खाली निघून गेला. मीही रागातच होतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक डिस्क घेतली, तिच्यावर तेच उतरवलं आणि काट्याच्या केबिनमध्ये कुलुपात ठेवली. आता कोणी हात हलवो की बोट दाबो.

पुतण्या दिवाळीला बायको-मुलीसह येणार आहे. त्याला मी सांगितलेलं नाही. दादाने दोनदा लिहून विचारलं, काय ठरवलं. मी त्याच मोबाइलवर, त्याच्याच हातातून घेऊन, लिहून दिलं. 'तू समोर बसशील.' त्याने ते पुसलं नाही.