मेव्हण्याची गाडी कशावर चालणार?

हिंगोली जिल्ह्यात गाड्यांचे शौकीन पुष्कळ असतील, पण बंद इंजिनापुढं उभं राहून त्याची तब्येत विचारणारा माणूस एकच, आणि तो माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिताना चुका होतील त्या होवोत, पण त्याच्याबद्दल खोटं एक अक्षर लिहिणार नाही. खरंच इतकं आहे की खोट्याची गरज पडत नाही.

वसमतजवळ त्याचं हळदीचं रान. तो लहान असताना विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि त्याच्या धडधडीत हे लेकरू झोपायचं. इंजिन बंद झालं की जागं होऊन भोकाड पसरायचं. माझी बायको सांगायची, "भाऊला निजवायला आमी पाळणा म्हणला न्हाई कधी, हँडल मारलं." तेव्हापासून डिझेल त्याच्या कानात जे बसलं ते बसलंच. लग्नाला गेला तर मंडपात बसत नाही, मंडपामागं जनरेटरजवळ खुर्ची टाकतो, जेवणाचं ताटही तिथंच मागवतो. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकात लाऊडस्पीकर मुका झाला, पंखे थांबले. मी पळत मागं गेलो तर हा गुडघ्यावर बसून जनरेटर उघडून बसलेला.

"काहून बंद केलं रे?"

"दाजी, कवाचा एक ठोका चुकून राहिला त्याचा. ऐकवत नव्हतं."

"अन् तिकडं मुहूर्त चुकून राहिला, ते ऐकवतं का तुला?"

पाच मिनिटांत त्यानं जनरेटर असा काही गोड चालू केला की मंडपवाल्यानं नवरदेवाआधी ह्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. मुहूर्त गेला होता तो गेलाच. पोरगी सुखात आहे, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

सहा-सात वर्षांमागं हळद चांगली पिकली आणि ह्यानं ठरवलं, मोठी गाडी घ्यायची. साधी नाही. चारही चाकं ओढणारी, डोंगर चढणारी, आत बसलं की पाहुण्याच्या दिवाणावर बसल्यासारखी. लोकांना वाटलं, मिरवायला. पण कारण वेगळं होतं. डांबरी सडकेपासून त्याच्या घरापर्यंतची वाट काळ्या मातीची आहे. पंचमीला त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, माहेरी गेली की सडकेवर चपला हातात घ्यायची, लुगडं वर खोचायची आणि पोटरीभर चिखलातून घर गाठायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ह्यानं भरल्या घरात शब्द दिला, "अक्का, पुढल्या पंचमीला तुला सडकेवर न्हाई, तुळशीपाशी उतरवीन. गाडीत पयली तूच बसशील."

गाडी त्याच वर्षी आली असती. पण ती पेट्रोलवरची घ्यायची का डिझेलवरची, इथं घोडं अडलं.

ह्याचा जीव डिझेलवर, हे सांगायला नको. पण मी मधी पडलो. माझ्या बायकोला डिझेलची गाडी लागायची. एष्टीत बसली की नाकाशी लिंबू, डोळे मिटलेले, अन् औंढ्यापर्यंत पिशवी भरलेली. हे मी चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मेव्हण्याला म्हणालो, "तिच्यासाठी गाडी घेऊन राहिला ना? मंग पेट्रोलची घे. वास न्हाई, हादरा न्हाई." तर हा उसळला. "अक्काला डिझेल लागतं? कोण म्हणतो? माझ्यासंगं कितीदा आली, खिडकीत बसून फुटाणे खात आली. एकदा घोट उलटला न्हाई!" मी म्हणालो, तू डिझेलपायी खोटं बोलतोस. तो म्हणाला, दाजी, तुमी पेट्रोलपायी बहाणे करता. आणि जिच्यावरून भांडण, ती पदर तोंडाला लावून हसायची. "मला काहून इचारता? तुमी दोघं ठरवा, मी आपली मागं बसते."

मग त्यानं शोधच लावायचा ठरवला. नांदेडच्या एका शोरूममध्ये मला संगं नेलं. गळ्यात टाय घातलेल्या साहेबानं पेट्रोलची गाडी चालू केली. ह्यानं चहाचा काठोकाठ भरलेला कप बॉनेटवर ठेवला आणि कान लावून वाकला. चहा हलला नाही. साहेब खूश. हा मात्र तोंड पाडून म्हणाला, "साहेब, चालू करा ना." साहेब म्हणाले, चालूच आहे. ह्याला पटेना. आत बसून ह्यानं परत चावी फिरवली, तेव्हा गाडी अशी किंचाळली की काउंटरवरची बाई उभी राहिली. "मुकं हाय हो हे," हा मला म्हणाला. "घरात माणूस हाय का न्हाई तेच कळत न्हाई. अन् पिते किती, इचारा त्याला." डिझेलच्या गाडीवर चहा जरासा सांडला तर ह्याच्या चेहऱ्यावर दिवाळी. "बगा, बोलली!"

साहेबांनी समजावलं, की चिखलातून, चढातून ओढायला डिझेल बरं, लांबच्या वाटेला कमी पिते. पण नुसती गावातल्या गावात हिंडवली तर धूर गाळायची जाळी बुजते. आणि नव्या डिझेल गाडीला युरिया टाकावा लागतो. युरिया म्हणताच मेव्हणा उठून उभा राहिला. "दाजी, ऐकलं का? ह्या गाडीला खत लागते!" मग साहेबांकडं वळून, "गोणीनं टाकायचा का? अन् पाऊस लांबला तर?" साहेब म्हणाले, तसा नाही, पातळ असतो, त्याची वेगळी टाकी असते. पण आमच्या माणसाचं अर्धं मन तिथंच डिझेलकडं गेलं. जिला खत लागतं ती आपल्यातली, असं त्याचं म्हणणं.

उरलेलं अर्धं मन बहिणीत होतं, म्हणून घोडं अडलेलंच राहिलं. दर आठ-पंधरा दिवसाला तो वारंगा फाट्यावर जाऊन बसायचा. मोठी गाडी चहाला थांबली की हा हात जोडून पुढं. "साहेब, कशावर चालते? अन् मागं बसणाऱ्या बायांना लागते का?" एकदा एका मालकीणबाईनं घाबरून काचा वर केल्या. एकानं ह्याला आरटीओचा माणूस समजून सगळे कागद काढून दिले. ह्यानं ते बिचाऱ्याला न वाचता परत केले आणि म्हणाला, "कागद बराबर हायेत, उलटीचं सांगा."

असं करता करता पंचम्या गेल्या. मागल्याच्या मागल्या संक्रांतीच्या आधी माझी बायको गेली. गाडी आली नव्हती. ह्यावर जास्त लिहिण्याचं शिक्षण माझ्याजवळ नाही. घरात दोन कप होते, आता एकच विसळावा लागतो, एवढं समजून घ्या.

वर्षश्राद्ध झालं आणि मेव्हणा माझ्याकडं, कनेरगाव नाक्याच्या बाजूला, मोटारसायकलवर आला. चहा मी केला. कपाकडं बघत म्हणाला, "दाजी, पेट्रोलची घेतो. तुमचं ऐकायला पायजे होतं. लवकर घेतली असती तर अक्का बसली असती."

मी म्हणालो, "आता कोणाला लागणार हाय? तुझ्या जिवाची डिझेलची घे."

"न्हाई. पेट्रोल."

"डिझेल घे म्हणतो ना!"

"तिला त्रास व्हायचा म्हणून तुमीच तर बोंबलत होते!"

"अन् तूच तर म्हणायचा, फुटाणे खात येते!"

बाजू बदलून भांडण पुन्हा तेच. मग मी चिडून म्हणालो, "मी काय खोटं बोललो? दरसाल पंचमी झाली की तिला घेऊन यायचो, लिंबू चोखून चोखून तिचं तोंड पांढरं पडायचं." तो म्हणाला, "अन् दरसाल मी तिला घेऊन जायचो, गाणे म्हणत जायची!"



आमच्याकडं रीत अशी, की लेकीला माहेरी न्यायला भावानं मुराळी म्हणून यायचं आणि परत आणायला नवऱ्यानं जायचं. चाळीस वर्षं आम्ही ती चुकवली नाही. त्यानं तिला जाताना पाहिली, मी येताना पाहिली. सडक तीच, एष्टी तीच, डिझेल तेच. आणि आम्ही दोघे शहाणे इंजिनात दोष शोधत होतो.

मी स्पष्ट बोलणारा माणूस. म्हणालो, "म्हंजी तिला गाडी लागतच नव्हती. माझं घर लागत होतं."

मेव्हण्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "दाजी, नांदेडच्या दवाखान्यातून तिला शेवटचं तुमच्या घरी आणली, ती भाड्याची जीप कशावर होती?"

"डिझेलवर. तूच चालवत होता."

"अन् लिंबू?"

लिंबू माझ्या हातात होतं. नांदेड सुटल्यापासून मी ते तिच्या नाकाजवळ धरायला बघत होतो. वारंग्याला तिनं माझा हात खाली केला आणि विचारलं, "आपलं घर किती राह्यलं?" मग खांद्यावर डोकं टाकून झोपली, ती थेट दारात उठली. मला वाटलं, अंगात त्राणच नाही. ते लिंबू पुढं कितीतरी दिवसांनी सदऱ्याच्या खिशात वाळलेलं सापडलं होतं.

"माहेर बदललं होतं तिचं," मेव्हणा म्हणाला. "तुमाला कळलं न्हाई, मलाबी न्हाई." आणि नाक पुसत उठला. "डिझेलच घेतो मंग."

पंचमीच्या आधी गाडी आली. काळी, म्हशीसारखी तुकतुकीत. चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि ह्यानं एक जास्तीचं घेऊन समोरच्या कप्प्यात टाकलं. मला न्यायला तो स्वतः आला, मुराळीच म्हणा. वाटेत हळदीच्या रानात गाडी थांबवून आवाज ऐकवला, औंढ्याला थांबवून ऐकवला, एका म्हशीवाल्याला बोलावून ऐकवला. काळ्या चिखलात गाडी अशी घुसली की दोन्ही बाजूंनी फवारे उडाले आणि मी म्हातारा माणूस लेकरासारखा ओरडलो. तुळशीपाशी उतरलो तर माझ्या पायाला मातीचा कण नव्हता. मेव्हण्यानं मागचं दार उघडून धरलं. आत कोणी नव्हतं. तरी त्यानं जरा वेळ धरलं आणि मग हळूच लावलं.

दोन दिवस राहिलो, पुरणपोळी खाल्ली, त्याच्या नातवंडांना हारवेपर्यंत पत्ते खेळलो. मग तो मला सोडायला निघाला. गाडी झोकात चालली होती, वास नाही, हादरा नाही. वसमत मागं पडलं आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. सत्तरीपर्यंत मला कधी गाडी लागली नव्हती. पुढं माझं घर होतं, कुलूप लावलेलं.

मेव्हण्यानं सडकेवरची नजर काढली नाही. एका हातानं कप्पा उघडला आणि लिंबू माझ्या मुठीत दिलं.

"इंजिन नवं हाय ना दाजी," तो म्हणाला, "म्हून लागली असंल."