स्पेस बडवून जुळवलेले रकाने

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. दहिवलीतल्या टायपिंगच्या दुकानात एक महाभाग बसायचा. स्पेसचं बटण बडवून रकाने जुळवायचा आणि मान तिरपी करून स्वतःवरच खूश व्हायचा. खालापूरच्या दवाखान्यातल्या नर्सच्या जागेसाठी एका बाईंचा अर्ज त्याने तसाच मेलमध्ये चिकटवला.

"दादा, फाईल जोडा ना, रकाने हलतील."

"ताई, मेल काय टेंपो हाय, सामान हलायला?"

मी त्याच्या मागे झेरॉक्सच्या मशीनपाशी उभा होतो, त्यामुळे कॉम्प्युटरचा पडदा फक्त त्याला आणि मला दिसत होता. मार्कांच्या रकान्यात बाईंचं वय येऊन बसलं होतं. पुढचा नंबर माझ्या झेरॉक्सचा होता, म्हणून मी गप्प राहिलो. त्याने मेल पाठवला. बाई त्याचे आभार मानून गेल्या.

"ताई, हा असा पाठवू नका," एवढं एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो.