टाळ्यांत बुडालेलं वाक्य

तार दुपारी आली. दौंडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरसमोर मी पापड वाळत घातले होते, आणि तारवाला त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं येत होता. त्याची ती कसरत बघून मला हसू आलं. हातातला कागद नंतर दिसला... माझा थोरला भाऊ यशवंत, आमचा दादा, हृदयविकारानं गेला होता. चाळिशीसुद्धा धड उलटली नव्हती.

दादा विमानतळावर कंट्रोलर होता. न्हावऱ्याच्या आमच्या बौद्धवस्तीत विमानतळ पाहिलेलं दुसरं कोणी नव्हतं. तिथं नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारलं तेव्हा त्यानं आमच्या विहिरीची आठवण करून दिली. तिच्या भिंतीतून एकेक दगड बाहेर आलेला, त्याच पायऱ्या. एका पायरीवर एकाचाच पाय मावायचा. खालच्यानं "सोडलीऽ" अशी हाळी दिल्याशिवाय वरच्यानं पाय खाली टाकायचा नाही, हे आम्हाला रट्टे देऊन शिकवलेलं. "उतरायला आलेली इमानं ढगात अशीच एकाखाली एक थांबत्यात, सुमे," दादा म्हणाला. "फक्त हाळी रेडिओवरनं येती. खालच्याची आली, की मी वरच्याला उतर म्हणायचं." मला वाटलं, एवढ्यासाठी सरकार पगार देतं! तसं बोललेही. तो खूप हसला होता.

पुढं काही वर्षांनी पेपरात दोनच ओळी आल्या: विमानतळाजवळ ढगांमध्ये दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळली. विमानतळ दादाचाच. वस्तीत पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचं काम गुलाबमामांचं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आपला यशवंता तिथंच बसतो. मग टक्कर टाळली कुणी? त्यानंच की!" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. चारच दिवसांत दादा घरी येतोय असं पत्र आलं, तेव्हा तर शंकाच उरली नाही. सरकारनं बक्षीस म्हणून रजा दिली, असंही कोणीतरी जोडून टाकलं.

त्याला खुर्चीवरून उठवलं होतं आणि चौकशी लागली होती, हे आम्हाला कुठं ठाऊक? एसटीतून उतरल्या उतरल्या गळ्यात हार पडला आणि मिरवत त्याला शाळेच्या पटांगणात नेलं. मधोमध खुर्ची, नारळ, शाल. सगळा गाव जमला होता. आमच्या वस्तीतल्या माणसासाठी गावानं शाल आणण्याची ती पहिलीच वेळ. म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

दादा उभा राहिला. "मी काही टाळलं नाही," तो म्हणाला. "ती दोन्ही विमानं माझ्याच चुकीनं जवळ आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा ओरडले, "बगा, येवढा मोठा झाला तरी गर्व म्हणून न्हाई!" दादानं हात वर करून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. टाळ्या आणखी वाढल्या. मी पुढच्याच रांगेत होते आणि तळहात लाल होईपर्यंत वाजवत होते. मग शाल घडीसकटच खांद्यावर पडली आणि तो मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला विहिरीवर घेऊन गेला. खालच्या पायरीकडं बोट करून म्हणाला, "खालच्यानं हाळी दिलीच नव्हती, सुमे. मला वाटलं, दिली. आन् मी वरच्याला ये म्हणालो." मग म्हणाला, "चुकीची लाज हायेच. पन तिच्यावर शाल घातली, ती लई जड झाली गं."

चौकशीनंतर त्याला फायलींच्या टेबलावर बसवलं. रेडिओवर तो पुन्हा कधी बोलला नाही. दौंडला माझ्याकडं यायचा, दोन दिवस राहायचा आणि न्हावऱ्याला न जाताच परत फिरायचा. माझ्या घराच्या चार पायऱ्यांवरही पुढच्या माणसाचा पाय उचलला जाईपर्यंत तो थांबून राहायचा. "मोठा झाला, गाव इसरला," असं वस्तीत म्हणत. मी ऐकून घ्यायची. खरं सांगितलं तर ते पटांगण, ती मधली खुर्ची आमच्या माणसांच्या हातून जाईल, असं वाटायचं. दादाच्या लाजेपेक्षा मला ती खुर्ची मोठी वाटली, याची आज मान वर करवत नाही इतकी शरम वाटते.

परवा वस्तीत शोकसभा झाली. वहिनी ती शाल घेऊन आल्या होत्या. घडी तशीच, दुकानातली टाचणीसुद्धा काढलेली नाही. गुलाबमामांनी ती हातात घेतली आणि दादाच्या फोटोवर घालायच्या आधी बोलू लागले, "दोन इमानं वाचवली ह्या आपल्या..."

मी उठले. "मामा, त्यानं वाचवली न्हाईत. ती त्याच्याच चुकीनं जवळ आली व्हती. तो सांगत व्हता, तुम्ही-आम्ही टाळ्या वाजवत व्हतो."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. त्यामुळं ते वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकू गेलं.

"म्हंजी तवा त्यानं खरंच सांगितलं व्हतं?" मामांनी विचारलं.

"व्हय मामा. दोनदा."

मामा फोटोसमोर शाल घेऊन तसेच उभे राहिले. फोटोवर घालवेना, खाली ठेववेना. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत खाली बसले. शाल आता माझ्या ट्रंकेत आहे, टाचणीसकट. घडी मोडायला माझाही हात धजत नाही.